अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार व धाराशिव प्रांतांतील हिशेबी कागद

जुन्या दप्तरांचें संशोधन करणाऱ्यांचें लक्ष सनदा, महजर, निवाडपत्रें आणि पत्रव्यवहार यांकडे आधीं जातें. हिशेबाच्या वह्या मागाहून उघडल्या जातात. आणि त्या वह्यांच्या अखेरीस किंवा बांधणींत अडकलेलीं जीं पाढ्यांचीं सुटीं पानें असतात, तीं तर पोराच्या हातची खरड समजून वेगळीं काढून टाकण्यांत येतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी एवढेंच त्यांत असतें. नांव नाहीं, मिति नाहीं, शिक्का नाहीं. असल्या पानांस संग्रहांत जागा कशासाठीं द्यावी, असें संग्राहक आम्हांस विचारीत असतात. आमच्या मतें, ज्या वहीबरोबर तें पान आलें त्या वहीची किल्ली त्या पानांत आहे. ती किल्ली हातीं नसतां जुन्या रकमांना आजच्या दशांश-पद्धतींत उतरवूं गेलें म्हणजे जे घोटाळे होतात, ते धाराशिव जिल्ह्याच्या उदाहरणानें दाखविण्याचें येथें योजिलें आहे.

धाराशिवचेंच उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, एकाच मुलुखांत इतके निरनिराळे हिशेब एकमेकांस येऊन भिडल्याचें दुसरें स्थळ महाराष्ट्रांत क्वचितच असेल. हा प्रांत निजामाच्या राज्यांतला. १८५३ च्या तहानें नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारच्या कारभाराखालीं गेला व कर्नल मेडोज टेलर हा नळदुर्गास राहून तो पाहूं लागला. १८६० च्या तहानें तोच मुलूख निजामास परत मिळाला. पुढें जिल्ह्यास उस्मानाबाद हें नांव पडलें. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबादचें संस्थान भारतांत आलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, १९८२ सालीं लातूर जिल्हा यांतूनच निराळा निघाला आणि २०२३ सालीं जिल्ह्यास धाराशिव हें जुनें नांव पुन्हा मिळालें. हे फेरफार राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांबरोबर नाणें, वजन किंवा जमिनीचें माप यांपैकीं कांहींतरी बदललें, आणि प्रत्येक वेळीं दुकानदारास व कुळकर्ण्यास नव्यानें गुणावें-भागावें लागलें, ही गोष्ट मात्र वह्यांतच पाहावी लागते.

आतां प्रथम जुन्या लेखनाची रीति. मोडी वहींत पूर्ण रुपयांचा अंक मांडल्यावर त्याच्या पुढें उभ्या रेघा येतात. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढें आडव्या किंवा तिरक्या रेघा येतात. त्यांची प्रत्येकीं किंमत एक आणा. चार आडव्या रेघा कधींच येत नाहींत, कारण चार आणे झाले कीं त्यांची एक उभी रेघ होते. आणि चार उभ्या कधींच येत नाहींत, कारण त्यांचा पूर्ण रुपया होतो. आण्याचे पुन्हा चार पैसे. म्हणजे रुपयाखालीं पहिलें घर चौथाईचें, दुसरें सोळाव्या हिश्शाचें, तिसरें चौसष्टाव्याचें. दशांश-पद्धतींत एकाखालीं दहावा, शंभरावा, हजारावा अशीं घरें असतात. येथें दहाच्या जागीं चार आहे, इतकाच भेद. घराची किंमत घराच्या स्थानावरून ठरते, हें तत्त्व दोहोंकडे एकच. ही रीति फार जुनी आहे. भास्कराचार्यानें ११५० च्या सुमारास लीलावतींत आरंभींच जी परिभाषा दिली आहे तिच्यांत वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क असे कोष्टक आहे. चार आणि सोळा हे आंकडे तेथूनच आपल्या ओळखीचे आहेत.

या रेघांचा खरा गुण गुणाकारांत दिसतो. पावास पावानें गुणिलें तर सोळावा हिस्सा येतो, म्हणजे आणाच. उभ्या रेघेनें उभ्या रेघेस गुणिलें कीं आडवी रेघ होते. उभीनें आडवीस गुणिलें कीं पैसा होतो. मुलास दशांशाचा गुणाकार शिकवितांना सांगतात कीं, चिन्ह विसरून अंक गुणावे, आणि दोन्ही संख्यांत चिन्हापुढें जितकीं घरें असतील त्यांची बेरीज करून तितकीं घरें उत्तरांत सोडावीं. हा नियम पुष्कळांस मंत्रासारखा वाटतो. परंतु दहाव्या हिश्शास दहाव्यानें गुणून शंभरावा येतो आणि चौथ्यास चौथ्यानें गुणून सोळावा येतो, या एकाच गोष्टी आहेत. पंतोजीच्या शाळेंत धूळपाटीवर शिकलेल्या मुलास घरें मोजण्याचा नियम कोणी सांगितला नव्हता. पण रेघेनें रेघ गुणण्याची संवय त्याच्या हाताला होती.

पाढ्यांचीं पानें हीं या गुणाकाराचीं साधनें होत. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. औट हा शब्द अर्धचतुर्थ या संस्कृत पदापासून प्राकृतांतून आला. त्याचा अर्थ चौथा अर्धाच, म्हणजे तीन पुरे व चौथ्याचा अर्धा. अडीच हा त्याचाच भाऊ, अर्धतृतीयापासून आलेला. शक्तिपीठें साडेतीन मानून त्यांत तुळजापूरची भवानी मोजणाऱ्या या प्रांतास साडेतीन ही संख्या अपुरी किंवा विचित्र वाटण्याचें कारण नव्हतें. अपूर्णांकास स्वतःचें नांव असणें आणि त्या नांवाचा पाढा मुखोद्गत असणें, या दोन गोष्टींनीं हिशेब किती जलद होत असे, याची कल्पना आज येणें कठीण आहे. साडेतीन रुपये भावाचे बारा नग म्हटल्यावर लेखणी उचलण्याआधीं बेचाळीस हा आंकडा तोंडांत येत असे.

भागाकारांतहि हीच युक्ति. साडेएकतीस रुपयांत सव्वापांच किती वेळां जातात, असा प्रश्न आला तर जुना कारकून दोहोंचे पाव करी: एकशें सव्वीस पाव आणि एकवीस पाव, उत्तर सहा. दशांशांत ३१.५ ला ५.२५ नें भागावयाचें असतां दोहोंचें चिन्ह दोन घरें उजवीकडे सरकवून ३१५० ला ५२५ नें भागावयाचें, उत्तर सहाच. भाजक व भाज्य दोहोंस एकाच संख्येनें गुणिलें तर भागाकार बदलत नाहीं, हें तत्त्व दोन्हीकडे आहे. एकीकडे चारानें गुणिलें, दुसरीकडे शंभरानें. चिन्ह कां सरकवावें हें ज्याला समजत नाहीं त्याला आम्ही हेंच पावांचें उदाहरण देतों.

दशांश अपूर्णांक आपल्याकडे पाश्चात्य गणिताबरोबर आले. स्थानमूल्याची दशमान संख्या भारतानें जगास दिली, तरी एकाच्या खालीं तीच घरें चालू ठेवण्याची कल्पना येथें रुजली नाहीं. आपले ज्योतिषी अंशाखालीं कला-विकला व घटीखालीं पळें-विपळें असे साठ-साठांचे भाग करीत, आणि व्यवहारांत अंश वर व छेद खालीं लिहीत. दमास्कसच्या उक्लीदिसीनें ९५२ च्या सुमारास, आणि समरकंदच्या काशीनें १४२७ सालीं, दशांशांचा उपयोग केला. युरोपांत सिमोन स्टेव्हिन यानें १५८५ सालीं लायडन येथें डच भाषेंत एक लहानसें पुस्तक काढून मोजणीदार, व्यापारी व ज्योतिषी यांस ही पद्धति शिकविली. नाणीं आणि मापें हीहि दहा-दहांच्या हिश्शांनीं पाडावीं, असें त्यानें त्यांतच सुचविलें. ती सूचना भारताच्या नाण्यांत उतरण्यास १९५७ साल उजाडावें लागलें.

धाराशिवास हें शिक्षण दोन वाटांनीं आलें. एक वाट मुंबई-पुण्याकडच्या मराठी अंकगणितांची, दुसरी हैदराबादची. निजामाच्या राज्यांत सरकारी भाषा उर्दू, आणि १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानें तर वरिष्ठ गणितहि उर्दूंतूनच शिकविण्याचा उपक्रम केला. त्यामुळें दशांशास अशारिया, गुणाकारास जरब आणि भागाकारास तक्सीम हे शब्द या भागांतल्या शिकलेल्या मराठी माणसांच्या कानांवरून गेलेले. घरीं औटकी, शाळेंत अशारिया, आणि पेठेंत दोहोंची सांगड घालणारा तिसराच हिशेब, असा हा प्रकार होता.

तो तिसरा हिशेब हाली व कलदार यांचा. निजामाचें नाणें हाली सिक्का, इंग्रजी सरकारचें कलदार. दोहोंतहि रुपयाचे सोळा आणे व आण्याच्या बारा पै. पण रुपया-रुपयांत अंतर होतें. पूर्वीं हा भाव चढे-उतरे. पुढें ठरीव दर झाला तो शंभर कलदारास एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहा कलदारास सात हाली. सरकारी सारा हालींत. पण धाराशिवच्या शेतमालाची मोठी पेठ जी बार्शी ती इंग्रजी हद्दींत, आणि तेथला भाव कलदारांत. बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं कुर्डुवाडीपासून बार्शीस आली व १९११ पर्यंत लातुरास पोंचली, तेव्हांपासून हा व्यवहार आणखीच वाढला. सातानें भागून सहानें गुणणें किंवा सहानें भागून सातानें गुणणें, हें या भागांतल्या सावकाराचें व अडत्याचें रोजचें काम झालें.

येथेंच दशांशाची परीक्षा होते. सातानें भागिलें असतां दशांश संपत नाहीं. सहा सप्तमांश लिहूं गेल्यास ०.८५७१४२ आणि मग तेच सहा अंक पुनःपुन्हा. आण्यांत लिहूं गेल्यासहि तेरा आणे आठ पै आणि वर चार सप्तमांश पै. म्हणून जुना हिशेबनीस एका हाली रुपयाची किंमत आधीं काढून ठेवीत नसे. तो रक्कम सबंध ठेवून तिलाच सहानें गुणी व सातानें भागी. समजा, साडेतीनशें रुपये हाली, दरमहा दरशेंकडा दीड रुपया व्याज, मुदत सात महिने. दीडास औटानें गुणून महिन्याचें व्याज सव्वापांच. सात महिन्यांचें छत्तीस रुपये बारा आणे. हें कलदारांत किती? सव्वापांचास सातानें गुणून पुन्हा सातानेंच भागावयाचें, तेव्हां दोन्ही टाकून सव्वापांच सक साडेएकतीस. एक पैहि इकडे-तिकडे नाहीं. आतां हेंच नव्या रीतीनें करूं. ३५ गुणिले १५ म्हणजे ५२५. दोन घरें सोडून ५.२५, सातानें गुणून ३६.७५. येथपर्यंत सर्व बरोबर. पुढें हालीचा भाव ०.८६ धरला तर ३१.६०५ येतात, म्हणजे सुमारें एकतीस रुपये नऊ आणे आठ पै, ०.८५७ धरला तर ३१.४९ आणि कांहीं. खरी रक्कम ३१.५० आहे. दोष दशांशाचा नाहीं. भागाकार आधीं तोडून मग गुणाकार केला, हा दोष. हजार रुपयांच्या खतांत ०.८६ नें जवळजवळ तीन रुपयांचें अंतर पडतें, आणि मग वाचक म्हणतो कीं सावकारानें खोटा हिशेब लिहिला. आमच्या पाहण्यांत अशीं छापलेलीं विवेचनें आलीं आहेत, कीं ज्यांत लबाडी सावकाराची नसून संपादकाच्या तोडलेल्या दशांशाची आहे. सावकारांच्या बाजूनें बोलण्याची आम्हांस हौस नाहीं. त्यांच्या खऱ्या अपराधांची यादी लांब आहे. पण न केलेला अपराध त्यांत घालूं नये.

हाली नाणें १९५० नंतरच्या दशकांत व्यवहारांतून गेलें, आणि लगेच १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. म्हणजे धाराशिवच्या वृद्ध दुकानदारानें दहा वर्षांच्या आंत दोनदां नाणें बदललेलें पाहिलें. आण्याची खरी किंमत सव्वासहा नवे पैसे. पण सव्वा पैसा कोणी देऊं शकत नाहीं, म्हणून बदलाच्या कोष्टकांत एक आण्यास ६, दोनांस १२, तिहींस १९, चोहोंस २५ असे आंकडे ठरले. चार आण्यांस पंचवीस हें बरोबर जमतें; पण एक-एक आण्याच्या सोळा जिनसा निरनिराळ्या घेतल्या तर शहाण्णवच पैसे होतात. येथेंहि तेंच: आधीं तोडून मग गुणिलें. उलट तीन आणे एकदम बदलले तर पैशाचा चौथा हिस्सा गिऱ्हाइकाच्या अंगावर. वजनांचेंहि तसेंच झालें. ऐंशीं तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमांचा, म्हणजे किलोपेक्षां सहासात टक्के हलका. शेराचा भाव किलोस लावतांना भागावयाचें कीं गुणावयाचें, यांत चूक झाली तर ती दुहेरी पडते. नव्या पैशांतला ‘नवा’ हा शब्द १९६४ सालीं गळला, आणि त्या संक्रमणाची शेवटची खूणहि नाण्यावरून गेली.

जमिनीच्या कागदांत अधिक सावध राहावें लागतें, कारण तेथील चूक आजच्या माणसाच्या पदरांत पडते. पाहणीची पद्धति मुंबई इलाख्याच्या नमुन्यावर या भागांत आली. तींत एकराचे चाळीस गुंठे, गुंठा तेहेतीस फूट लांब-रुंद, आणि गुंठ्याचे पुन्हा सोळा आणे. तीन एकर वीस गुंठे हें क्षेत्र जुन्या उताऱ्यांत मध्यें टिंब देऊन ३.२० असें लिहिलेलें असतें. तें टिंब दशांशाचें नव्हे. तें केवळ एकर व गुंठे यांमधलें कुंपण आहे. खरें क्षेत्र साडेतीन एकर, म्हणजे दशांशांत ३.५. यास एकरीं सव्वा रुपया सारा लावला तर ४.३७५, म्हणजे चार रुपये सहा आणे येतात. टिंबास दशांश समजून ३.२० गुणिलें तर चारच रुपये. हेक्टरांत उतरवितांना साडेतीन एकरांचे १.४१६४ हेक्टर होतात, म्हणजे एक हेक्टर बेचाळीस आर; ३.२० धरून केल्यास १.२९५. बारा गुंठे जमीन कागदावरून नाहींशी झाली. भावाभावांच्या वांटणींत बारा गुंठे म्हणजे काय, हें गांवांत राहिलेल्यास सांगावें लागत नाहीं. आजच्या उताऱ्यावरील हेक्टर-आरचें टिंब मात्र खरें दशांशाचें आहे, कारण शंभर आरांचा हेक्टर; म्हणून तेथें एक हेक्टर पांच आर हें १.०५ असेंच लिहिलें पाहिजे, १.५ नव्हे. एकाच घराच्या पेटींत दोन पिढ्यांचे कागद एकत्र बांधलेले असतात, दोहोंवर सारखेंच टिंब असतें, आणि दोहोंचा अर्थ निराळा असतो.

हाच घोटाळा पैशांच्या रकमांत. ८-१२ म्हणजे आठ रुपये बारा आणे, तें ८.१२ नव्हे, ८.७५ आहे. ५-८ हें ५.८ नव्हे, ५.५० आहे. छापतांना आडवी रेघ पुसट झाली कीं तिचें टिंब होतें आणि मग पुढचा अभ्यासक त्या टिंबावर विश्वास ठेवून गुणाकार करीत बसतो.

तेव्हां आमची संग्राहकांस व संपादकांस विनंति अशी कीं, मूळ रेघा जशाच्या तशा उतरून घ्याव्या, आणि दशांश द्यावयाचा झाल्यास निराळ्या रकान्यांत द्यावा. किती घरें द्यावीं, याचें उत्तर त्या रेघांतच आहे. पाव ०.२५, आणा ०.०६२५, पैसा ०.०१५६२५, चारांच्या घरांतली कोणतीहि रक्कम दशांशांत पूर्ण उतरते, कारण चार हा दहाच्या वर्गास निःशेष भागतो. म्हणून आण्यांपर्यंतच्या हिशेबास चार घरें व पैशांपर्यंतच्यास सहा घरें दिलीं म्हणजे कांहींच गमावत नाहीं. पै मात्र पैशाचा तिसरा हिस्सा. ती दशांशांत कधींच पुरी होत नाहीं, आणि म्हणून पैंची रक्कम पैंतच ठेवावी. पै चौथाईच्या रांगेंत तिसऱ्या हिश्शाची कशी शिरली, याचा उलगडाहि व्यवहारांतच आहे: रुपयाचे तीन सारखे वांटे पांच आणे चार पै असे नेमके पडतात, शंभर पैशांचे पडत नाहींत. तीन भावांच्या वांटणीचा कागद पाहतांना शेवटचा आंकडा चार पै किंवा आठ पै आढळला तर तो लेखकाचा प्रमाद समजून खोडूं नये.

आणि पाढ्यांचें सुटें पान ज्या वहीबरोबर आलें असेल तिच्यापासून तें तोडूं नये. कोणता पाढा लिहिला आहे, तो कोठवर नेला आहे, एकोत्रीचें व्याज त्यांत आहे कीं नाहीं, हें पाहिलें म्हणजे त्या पेढीवर कोणत्या भावाचा व्यवहार अधिक चाले, याचा अंदाज येतो. सप्तमांशाचा पाढा एखाद्या पानावर मिळाला, तर तें पान हाली-कलदाराच्या मुलुखांतलें असल्याचा संशय आधीं घ्यावा, आणि त्या वहीतील प्रत्येक रकमेपुढें हा रुपया कोणता, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.